पाण्यात बुडालेले इंजिन : भंगारात देण्यापूर्वी

भात कापून झाले, खळ्यावरचे काम आटोपले आणि वांगी-मिरचीची रोपे लावण्याची वेळ आली की शेतकऱ्यास आपल्या पंपाची आठवण होते. चार महिने खोपटात पडून असलेल्या इंजिनावरचे गोणपाट तो दूर करतो, डिझेल भरतो, हँडल लावतो आणि चाक हलत नाही. दोघे लागतात, तिघे लागतात. हँडल वाकते, परंतु चाक तसूभरही सरकत नाही. मग कोणी तरी आठवण करून देतो की जुलैत खोपटात गुडघाभर पाणी आले होते. तोवर उशीर झालेला असतो. आठवड्याभरात भंगारवाला येतो, वजनाने भाव ठरतो, आणि पुढली वीस वर्षे चालले असते असे यंत्र हातगाडीवर चढते.

भाईंदरच्या पश्चिमेस राई, मुर्धा, मोर्वा आणि त्यापुढे समुद्राकाठी डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही गावे आहेत. २००२ पासून हा सारा प्रदेश मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतो. रेल्वेच्या बाजूस उंच इमारतींची गर्दी झाली आहे, तरी या गावांतून भात आणि भाजीपाला अजून अगदीच नाहीसा झालेला नाही. एका अंगास वसईची खाडी, दुसऱ्या अंगास समुद्र, मध्ये मिठागरे व खारजमीन, अशी येथील रचना असल्यामुळे पावसाचे पाणी आणि भरतीचे पाणी एकाच वेळी आले की सखल भागास निचऱ्याची वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला होता. उत्तरेकडील उपनगरे व त्यांस लागून असलेला मीरा-भाईंदरचा सखल भाग त्या प्रलयात सापडला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी, आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळुणास हाच प्रसंग आला. सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठचे पंप तर कित्येक दिवस पुराच्या पाण्याखाली होते.

अशा प्रत्येक प्रसंगी घर, जनावरे, बियाणे, रोपे यांची चिंता प्रथम केली जाते, आणि तेच योग्य आहे. इंजिन मात्र कोणाच्याच यादीत नसते. पावसाळ्यात त्याचे काम नसते, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. इंजिनाचा घात पाण्यापेक्षा पाणी ओसरल्यानंतरच्या या दुर्लक्षानेच अधिक होतो, हे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मनावर वारंवार बिंबवले पाहिजे.

यामागील कारण सोपे आहे. लोखंड गंजावयास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. इंजिन पूर्ण बुडालेले असते तेव्हा त्यास प्राणवायू बेताचाच मिळतो. पाणी उतरले, ओले लोखंड हवेत उघडे पडले, की गंज झपाट्याने चढू लागतो. चार दिवस पाण्याखाली राहिलेले इंजिन बाहेर आल्यावर लगेच हाताळले तर बहुधा सुखरूप निघते. एकच रात्र बुडालेले इंजिन पुढे तीन महिने तसेच ओले राहिले तर आतून जाम होते. म्हणून यंत्र वाचविण्याची मुदत ते बुडाले त्या दिवसापासून न मोजता पाणी ओसरले त्या दिवसापासून मोजावी. बोटीची लहान इंजिने सांभाळणाऱ्या जाणत्या माणसांचा एक रिवाज आहे. पाण्यातून काढलेले इंजिन त्याच दिवशी खोलणे शक्य नसेल तर ते उघड्यावर ठेवण्याऐवजी गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतात. ऐकणाऱ्यास हे उलटे वाटते, पण त्यात शहाणपण आहे. शेतीचे जड इंजिन पिंपात मावणार नाही. त्याचे सुटे केलेले भाग मात्र धुऊन डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवता येतात.

येथे एक गाऱ्हाणे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. पूर ओसरल्यावर गावात पहिले वाक्य ऐकू येते ते असे : “हात लावू नका, पंचनामा व्हायचा आहे.” नुकसानीची नोंद व्हावी, पुढे काही मदत जाहीर झाली तर आपले नाव सुटू नये, ही शेतकऱ्याची अपेक्षा वाजवी आहे. नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची अडचणही खरी आहे. एका माणसाकडे अनेक गावे, वाटा वाहून गेलेल्या, आणि घरे व पिके यांची नोंद आधी करावयाची. परंतु या वाट पाहण्यात आठ-पंधरा दिवस जातात आणि तेवढ्या काळात चिखलाने भरलेले इंजिन कायमचे निकामी होते. नुकसानीचा पुरावा राखण्यासाठी नुकसान वाढू द्यावे लागते, असा हा विचित्र व्यवहार आहे. मदत मिळालीच तरी ती नव्या इंजिनाच्या किमतीस पुरेल याची शाश्वती नसते, आणि रब्बीचे पाणी तर मदतीची वाट पाहत थांबत नाही.

यावर उपाय कठीण नाही. आज बहुतेक घरांत छायाचित्र काढता येईल असा मोबाइल आहे. इंजिन जागेवर असताना त्याचे, त्याच्या नामपट्टीवरील क्रमांकाचे आणि भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचे छायाचित्र घ्यावे. शेजारच्या दोघांच्या सह्या असलेला चार ओळींचा कागद करावा. चेंबरमधून निघालेल्या पाणीमिश्रित तेलाची एक बाटली भरून ठेवावी आणि बदललेले भाग टाकून देऊ नयेत. विमा असेल तर कंपनीस त्याच दिवशी कळवावे, आणि साफसफाईस हरकत नाही असे तिच्याकडून लेखी घ्यावे. हे झाल्यावर यंत्रास हात लावण्यात कोणाचेही अहित नाही. मात्र एवढ्याने पंचनाम्यात अडचण येणार नाही, असे शेतकऱ्यास कोणी तरी अधिकाराने सांगावयास हवे. तोंडी आश्वासनावर तो विसंबत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या कचेरीतून याविषयी एक लेखी सूचना प्रत्येक गावी लागली, तर तिच्या एका कागदाने जितकी इंजिने वाचतील तितकी नंतरच्या दुरुस्तीने वाचणार नाहीत.

दुसरी घोडचूक उतावळेपणाची. पाणी उतरले, इंजिन वरून कोरडे दिसले, की ‘चालते का पाहू’ म्हणून हँडल मारले जाते किंवा विजेची मोटर असेल तर बटण दाबले जाते. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला वर जाण्यास जागा राहत नाही. हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा हेडचे बोल्ट ताणले जातात. पुराचे पाणी आत आले तेव्हा इंजिन चालू होते की बंद, हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो तो यासाठीच. बंद असलेल्या इंजिनात गंज आणि गाळ यांचीच भीती. चालत्या इंजिनाने पाणी ओढले असेल तर रॉड तपासल्यावाचून पुढे जाता येत नाही. विजेच्या मोटरीविषयी एवढेच सांगणे पुरे की वेटोळी पूर्ण वाळवून, त्यांचा विद्युतरोध मापकावर तपासून घेतल्याखेरीज तिला वीज देऊ नये. यात मोटर जळण्यापेक्षाही माणूस दगावण्याचा धोका मोठा आहे.

पहिल्या दिवशी करावयाचे काम कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहे. इंजिन बाहेरून भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. तेलाच्या चेंबरचा तळाचा बोल्ट सोडावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे आधी पाणी येईल, मग ताकासारखे पांढुरके तेल येईल. डिझेलच्या टाकीच्या तळाशीही पाणी साचलेले असते, तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करावी. वरचे डिझेल चांगले दिसते म्हणून ते पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये. हवेची गाळणी, सायलेन्सर आणि नोझल काढून ठेवावे. दाब सोडण्याची कळ वर करून चाक हाताने अगदी सावकाश फिरवून पाहावे. फिरले तर आतले पाणी नोझलच्या भोकातून उडेल. त्या वेळी समोर तोंड नेऊ नये. पाणी निघून गेल्यावर त्याच भोकातून वाटीभर वंगण तेल आत सोडून चाक आणखी काही फेरे फिरवावे, चेंबरमध्ये डिझेल घालून हलवून ते काढून टाकावे, आणि नंतर स्वस्तातले का होईना, नवे तेल भरावे. पूर्वी या कामास रॉकेल वापरीत. आता ते मिळणे दुर्घट झाले असल्याने डिझेलवर भागवावे. एवढे झाले की यंत्र पुढचा मिस्त्री येईपर्यंत महिनाभर थांबू शकते.

खाऱ्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे आणि या पट्ट्यात तिचा विचार प्रथम केला पाहिजे. खारबंधाऱ्यास खांड पडून भरतीचे पाणी आत शिरले, किंवा वादळात बोट उलटली, तर लोखंडास मिठाची बाधा होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी पातळ होते, पण गोडे होत नाही. पाणी वाळते, मीठ राहते. ते सांधीकोपऱ्यांत बसते आणि हवेतला ओलावा ओढून घेत राहते. मिठागरात राबलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही. तेथील खिळा आणि कडीकोयंडा किती दिवस टिकतो हे त्याने पाहिलेले असते. अनेक जण अशा इंजिनावर घाईने तेल ओततात. मीठ तेलात विरघळत नाही. तेलाच्या थराखाली ते सुरक्षित राहते आणि आपले काम करीत राहते. म्हणून खाऱ्या पाण्यातून निघालेल्या इंजिनास आधी गोडे पाणी, आणि तेही एकदा नव्हे. आतल्या पोकळ्यांत भरावे, काढावे, पुन्हा भरावे, जिभेस खारट लागेनासे होईपर्यंत. त्यानंतर वाळवणे, त्यानंतर तेल. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा असेल तर खाऱ्या पाण्यात या दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखे झिजू लागते. अशा इंजिनात एक दिवसाचा विलंबही महाग पडतो.

उत्तन-पाली-चौक येथील कोळी बांधवांना ही वस्तुस्थिती शेतकऱ्यांहून अधिक ठाऊक आहे. मुंबई राज्याच्या काळी, १९५० नंतरच्या दशकात, मासेमारीच्या होड्यांवर इंजिने बसू लागली तेव्हापासून खारे पाणी आणि यंत्र यांचा संसार ते सांभाळीत आले आहेत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्यावरून गुजरातकडे सरकले, तेव्हाही कोकण किनाऱ्यावर बोटींचे नुकसान झाले. बोटीवरचा तांडेल इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडले ते सांगतो. शेजारच्या गावातल्या बागाईतदाराने आपला जाम झालेला पंप घेऊन त्याच्याकडे सल्ल्यास जाण्यात कमीपणा मानू नये. शेती खाते आणि मत्स्यव्यवसाय खाते यांच्या कचेऱ्या वेगळ्या असतील. बिडावर चढणारा गंज एकच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. ज्या इंजिनाकडे कोणी पाहिले नाही, जे चार महिने ओले राहिले आणि आता हलत नाही, त्याचे काय? भंगार हा पहिला विचार न ठेवता शेवटचा ठेवावा. जाम झालेल्या इंजिनास उघडण्यास कौशल्यापेक्षा धीर अधिक लागतो, आणि नेमका तोच कमी पडतो. नोझल काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल समभाग मिसळून सोडावे आणि तसेच राहू द्यावे. एक दिवस नव्हे, आठ दिवस, प्रसंगी पंधरा. मिश्रण पिस्टनच्या कडेने हळूहळू खाली झिरपते; पातळी उतरली की पुन्हा भरावे. रोज एकदा चाकास हाताने थोडा जोर देऊन पुढे-मागे रेटून पाहावे. नखाएवढी जरी हालचाल झाली तरी अर्धे काम झाले असे समजावे. ज्या बाजूस हलले त्याच बाजूस रेटत न राहता उलट बाजूस परतवावे, म्हणजे सुटलेला गंज रिंगांत न रुतता मोकळा होतो. लांब पाईप लावून चाकावर चढणे, पहारीने रेटणे, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणे हे प्रकार खेड्यापाड्यांतून सर्रास होतात. त्यांनी क्वचित इंजिन सुटते. बहुधा काही तरी मोडते. एकदा मोडले की मग सबुरीचाही उपयोग नाही.

जोर देण्यापूर्वी नेमके काय अडले आहे ते पाहावे. पिस्टनच अडला असेल असे नाही. कित्येकदा व्हॉल्व्ह आपल्या गाईडमध्ये गंजून उघडा राहतो, आणि चाक फिरविताच त्याची पुशरॉड वाकते. वरचे झाकण काढून दोन्ही व्हॉल्व्ह दाबून पाहिले तर हे दोन मिनिटांत कळते. डिझेल पंपाचा दट्ट्या बसला असेल तरीही अडथळा येतो.

आठ-पंधरा दिवसांनीही हालचाल नसेल तर हेड उतरवावे. आता आतले दिसते, आणि बरेच वेळा जे दिसते ते भीतीपेक्षा बरे असते. सिलिंडरच्या भिंतीवरचा तांबूस थर बारीक पॉलिश कागदाने आणि तेलाने पुसून काढावा. मग नख फिरवून पाहावे. नख अडकेल असे खड्डे रिंगा फिरतात त्या पट्ट्यात असतील तर लायनर बदलणे भाग आहे. त्या पट्ट्याच्या खाली असतील तर त्यांच्यासह इंजिन वर्षानुवर्षे चालते. खालून रॉड सोडवून पिस्टन वर काढताना लाकडाचा ठोकळाच वापरावा. लोखंडी हातोडा पिस्टनवर पडला की तो पिस्टन गेला. सिलिंडरवर दिव्याची ज्योत मारून तापविण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. बीड एकाच ठिकाणी तापले तर तडकते, आणि डिझेलने भिजलेल्या यंत्राजवळ ज्योत नेणे हे वेगळेच संकट होय. तापवायचेच तर गरम पाणी थंडाव्याच्या पोकळीत भरून तापवावे. त्याने सर्व बाजूंस सारखी उष्णता लागते.

रिंगा, गास्केटे आणि बेअरिंगे ही नवीनच घालावी. जुन्यांवर भागवून वाचलेले पैसे पुढच्या हंगामात दामदुपटीने जातात. क्रँक शाफ्टवर गंजाचे डाग असतील तर लेथवाल्याकडून त्याचे माप घेऊन, लागल्यास घासून त्या मापाचे बेअरिंग बसवावे. तेलाच्या बारीक वाटा सुतळी आणि डिझेल यांनी एकेक करून साफ कराव्या, कारण पुराचा गाळ तेथेच दडून बसतो आणि पॉलिश कागदासारखा नव्या बेअरिंगास खातो. डिझेल पंप आणि नोझल यांना मात्र गावात हात लावू नये. त्यांच्या दट्ट्या आणि खोबणी यांमधील अंतर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतके असते. तेथे रुमालाचा धागाही अडथळा होतो. ते भाग पुसून, तेल लावून, त्या कामाची चाचणीयंत्रे असलेल्या दुकानात न्यावे.

हा सारा खटाटोप कोणत्या इंजिनासाठी करावा, हे ठरविण्यातही विवेक हवा. १९३० नंतरच्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने देशात डिझेल इंजिने बनविण्यास आरंभ केला आणि १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्या परंपरेतील एका सिलिंडरची, मंद गतीची, जाड बिडाची इंजिने म्हणजे दुरुस्तीसाठीच घडविलेली यंत्रे होत. राजकोट आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणांहून त्यांचे सुटे भाग अजून मिळतात, लायनर निराळा निघतो, आणि साधारण पान्यांनी सारे यंत्र खुले होते. असे इंजिन ब्लॉकला तडा नसेल तोवर टाकू नये. हलकी, जलद गतीची, अॅल्युमिनियमच्या अंगाची लहान पंपसंचे आज पुष्कळ झाली आहेत; ती खाऱ्या पाण्यात महिनाभर राहिली असतील तर त्यांच्यावर मजुरी घालविण्यात अर्थ नाही. आणि ज्या नव्या इंजिनांत डिझेल सोडण्याचे काम विजेच्या सूक्ष्म उपकरणांनी चालते, ती शेतकऱ्याने स्वतः खोलूच नयेत. जुने ते सारे सोने असा आग्रह येथे नाही. पण भंगारवाल्याचा भाव आणि नव्या यंत्राची किंमत यांच्यामध्ये दुरुस्तीचा खर्च कोठे बसतो, याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय होऊ नये. आज तो हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. भंगारवाला दारात उभा असतो आणि घरातील कर्ता माणूस पुराने आधीच खचलेला असतो.

गावपातळीवरचा कार्यकर्ता हा काही मिस्त्री नव्हे, तेव्हा त्याच्यावर हे आणखी एक काम कशाला, अशी हरकत घेतली जाईल. त्याने इंजिन खोलावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. पूर ओसरल्यावर तो घरोघर जातोच. तेव्हा पिकाबरोबर इंजिनाविषयीही एक प्रश्न विचारावा, धुऊन तेल घातले की नाही ते पाहावे, आणि जेथे झाले नाही तेथे दोन तरुणांना लावून ते करवून घ्यावे, एवढेच त्याचे काम. मोठ्या दुरुस्तीसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांतून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो आणि तेथील मुलांना शिकण्यास बिघडलेली यंत्रेच हवी असतात. २०१८ च्या महापुरानंतर केरळात अशा संस्थांचे विद्यार्थी व शिक्षक पूरग्रस्त वस्त्यांत गेले आणि त्यांनी घरांतील वायरिंग व विजेची उपकरणे दुरुस्त करून दिली. महाराष्ट्रात हे पंपांच्या बाबतीत का होऊ नये? पूर येण्याची वाट न पाहता मे महिन्यातच एखादी सहकारी सोसायटी, एखादी संस्था आणि गावचा एक मिस्त्री यांनी आपसांत ठरवून ठेवले, दोन पान्यांचे संच, पंधरा-वीस लिटर तेल व काही गास्केटे सोसायटीच्या कपाटात राखून ठेवली, तर जुलैत धावाधाव होणार नाही.

सोसायटीला हा खर्च परवडेल काय, हा प्रश्न योग्य आहे. तेल वाया जात नाही; पूर आला नाही तर ते दिवाळीनंतर सभासदांनाच विकता येते. पान्यांचा संच कायमचा राहतो. खरी अडचण पैशाची नसून, हे काम नेमके कोणाचे हे न ठरण्याची आहे.

दुरुस्त झालेले इंजिन प्रथम सुरू करताना घ्यावयाची काळजी येथेच नमूद करणे बरे, कारण घाईने केलेली सारी मेहनत याच क्षणी वाया जाते. सिलिंडरमध्ये सोडलेले तेल-डिझेलचे मिश्रण आत राहिले तर इंजिन त्याच इंधनावर बेफाम धावू लागते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. म्हणून नोझल बसविण्यापूर्वी चाक हाताने पुष्कळ वेळा फिरवून सारे मिश्रण बाहेर काढावे, आणि सुरू करताना एका माणसाने हवेच्या तोंडाशी सपाट फळी घेऊन उभे राहावे. वेळ आलीच तर तोंड फळीने बंद करून इंजिन थांबविता येते, हाताने मात्र कधीही नाही. दहा-पंधरा मिनिटे भार न देता चालवावे आणि तेल गरम असतानाच काढून पाहावे. ते पुन्हा पांढुरके दिसले तर पाणी अजून आत आहे; ते बदलून दुसऱ्यांदा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा, तसेच चालवावे. तेल आपल्या रंगाचे निघू लागले की मग पट्टा चढवून पंप जोडावा. पहिले दोन दिवस अर्ध्या वेळेपुरतेच पाणी द्यावे आणि संध्याकाळी हेडचे बोल्ट एकदा आवळून घ्यावे.